पी उअनचं बंद पाकीट

उअन म्हणजे लठ्ठ. जन्मली तेव्हा साडेचार किलोंची होती म्हणे, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांत त्या नावाला जागेल असं तिच्या अंगावर काही चढलं नाही. हडकुळी बाई, मनगटं एवढीशी, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं ओळखपत्र तिच्यापेक्षा वजनदार. सरकारी कागदावर ती सुपात्रा आहे, पण त्या नावानं तिला फक्त टपालवाला ओळखतो. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून माझी ती पी उअन आणि तिची मी नोंग नीत. फाइलोम नगरपालिकेत अडतीस संगणक आहेत आणि ते सांभाळायला ही एकटी, जिन्याखालच्या खोलीत, एका टेबलफॅनसोबत.

अकरा वर्षं ती कंत्राटावर आहे. दर वर्षी तीस सप्टेंबरला कंत्राट संपतं आणि आमचे पालात, म्हणजे मुख्याधिकारी, सही करतात तेव्हा पुढचं वर्ष सुरू होतं. घरात म्हातारी आई आणि तंत्रशाळेत शिकणारा मुलगा. नवरा उबोनला गेला तो गेलाच. म्हणजे त्या एका सहीवर तिघांची चूल. हे सगळं माहीत असूनही ही बाई आपलं काम ज्या पद्धतीनं करते ते बघून माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

पी उअनला नाही म्हणता येत नाही. तशी भीड आम्हा सगळ्यांनाच असते. वयानं मोठं माणूस समोर उभं राहिलं की आमची जीभ टाळ्याला चिकटते, त्यात विशेष काही नाही. पण हिची भीड म्हणजे दुखणं आहे. कचेरीच्या आवारातलं कुत्रं समोर येऊन बसलं की ही आपल्या डब्यातल्या भाजलेल्या कोंबडीचा चांगला तुकडा त्याला देते आणि स्वतः हाड चोखते. कुणी काहीही मागितलं की म्हणते, "होईल हं." खरंच होणार असलं तरी होईल हं, आणि सात जन्मांत होणार नसलं तरी होईल हं. मग माणूस वाट बघत बसतो, आणि चिडायचं म्हटलं तर चिडता येत नाही, कारण ती इतक्या गोड हसलेली असते.

मी तशी नाही. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या कचेरीला ठाऊक आहे. निदान यंदाच्या सप्टेंबरपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

सगळं सुरू झालं ते सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, सुट्टीनंतर. मी आवक-जावक विभागात बसते आणि माझ्या समोरच्या टेबलाला पा, म्हणजे मावशी, सायबुआ. एकोणसाठ वर्षांची, डाव्या कानानं जवळजवळ बहिरी, पस्तीस वर्षं याच खुर्चीत. नगरपालिकेतले निम्मे लोक तिच्या हाताखाली शिकले. आमचे पालात थावोर्नसुद्धा पहिल्यांदा कारकून म्हणून आले तेव्हा दुपारी तिच्याच डब्यातला चिकट भात खायचे. तर त्या एप्रिलमध्ये पा सायबुआला नवा संगणक मिळाला. तो बँकॉकहून आला होता आणि त्याच्या कोपऱ्यात साल दिसत होतं दोन हजार पंचवीस. आमचं बौद्ध सनाचं साल पंचवीसशे अडुसष्ट. पा सायबुआनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि कुणाला विचारायची भीड वाटली म्हणून स्वतःच दुरुस्ती केली. पंचवीसचे अडुसष्ट केले. संगणकाला काय कळणार. त्याला वाटलं, दोन हजार अडुसष्ट साल उजाडलं.

पत्रांवरची तारीख आमच्याकडे संगणकच घालतो, आमच्या सनात बदलून. त्या दोन दिवसांत चौसष्ट पत्रं बाहेर गेली, सगळ्यांवर साल सव्वीसशे अकरा. पाणीपुरवठ्याची, शाळांची, एक तर राज्यपालांच्या कचेरीतसुद्धा. इकडे प्रांताच्या यंत्रणेनं आमच्या संगणकाशी बोलणंच बंद केलं, कारण त्याच्या हिशेबानं आमचे सगळे परवाने चाळीस वर्षांपूर्वी संपले होते. चौसष्ट ठिकाणी फोन करून क्षमा मागत पत्रं परत मागवली ती मी. तीन दिवस जिन्याखाली न जेवता बसली ती पी उअन. आणि पा सायबुआ मात्र दोघींना पिकलेला आंबा कापून देत म्हणत होती की तिचं साल बरोबरच होतं, यंत्राचंच चुकलं.

मे महिन्यात प्रांताकडून पाच पानी पत्र आलं. मीच ते आवक केलं. कर्मचाऱ्यांनी संगणकाचं घड्याळ, भाषा, छपाईयंत्र, पडद्यावरचं चित्र, यातल्या कशालाही हात लावायचा नाही. बदल करायची मुभा फक्त संगणक विभागाला. पंधरा सप्टेंबरला तपासनीस येऊन कुठलाही संगणक उघडून बघणार. पालातांनी पी उअनला बोलावलं, पाणी दिलं, मुलाची चौकशी केली आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की यंदाचं कंत्राट प्रांताचा शेरा बघूनच ठरवता येईल. ती "होईल हं" म्हणून बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

जूनच्या पहिल्या सोमवारी तिनं अडतीसच्या अडतीस संगणकांना कुलूप घातलं. आम्ही सकाळी आलो तर सगळ्यांच्या पडद्यावर नगराध्यक्षांचा हसरा फोटो, आणि काही बदलायला गेलं की एकच ओळ, तुम्हाला परवानगी नाही.

माझंच सांगते. थाई आणि इंग्रजी अक्षरं बदलायला कळफलकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक कळ असते. या देशात जन्मलेल्या प्रत्येकाचं बोट आपोआप तिथं जातं. कुलपानं ती सवय मोडली. आता दोन कळा एकत्र दाबायच्या. दिवसाला शंभर वेळा मी कोपऱ्यातली कळ दाबायची आणि पडद्यावर कचरा उमटायचा. चौथ्या दिवशी मी जिन्याखाली गेले आणि पी उअनवर अशी काही बरसले की टेबलफॅनसुद्धा थांबला असता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दाराबाहेर डोकावली, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "फक्त तुझ्यासाठी करते. कुणाला बोलू नकोस."

दुपारपर्यंत माझी कळ चालू झाली. मला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, खरं सांगायचं तर. अडतीस जणांत एकटी मी.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य विभागातली तोय माझ्यासोबत सोमतम, म्हणजे पपईची तिखट कोशिंबीर, खायला आली होती. तोय वारानुसार रंग पाळते. सोमवारी पिवळं, मंगळवारी गुलाबी, आणि संगणकावरही त्या वाराच्या रंगाचं, त्या वाराच्या देवाचं चित्र. मी सहज म्हटलं की आता नगराध्यक्षांच्या तोंडाकडेच बघावं लागत असेल, तुझ्या नशिबाचं कसं काय. तोयनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली की तिचं चित्र चालू आहे. पी उअननं फक्त तिलाच दिलंय, कुणाला सांगायचं नाही.

माझ्या तोंडातली कच्ची पपई तशीच राहिली.

त्यानंतर दोन दिवस मी विभागाविभागात फिरले. गोड बोलून, चहा पाजून एकेकाकडून काढून घेतलं. रस्ते विभागातले प्रयोंग इंजिनियर जेवण झाल्यावर खुर्चीत झोपतात. पडदा काळा झाला की झोप बाहेरून दिसते, म्हणून त्यांचा पडदा कधीच काळा होत नव्हता. शिक्षण विभागाला छपाईयंत्र बदलायची मुभा. पाणी विभागाला आवाज वाढवायची, कारण तिथं दुपारी मालिका लागते. पालातांच्या सचिवाला तर घड्याळाचीसुद्धा. आणि प्रत्येकजण आवाज खाली आणून, कुणाला न सांगण्याच्या अटीवर सांगत होता की त्याला एकट्यालाच दिलंय. मी कागदावर मोजलं. अडतीसपैकी चौतीस. ज्यांना मुभा नव्हती ते चार कोण, तर दोन प्रसूतीच्या रजेवर, एक खुर्ची रिकामी, आणि पा सायबुआ. तिनं मागितलंच नव्हतं. एप्रिलनंतर ती संगणक फक्त पुसायची.

मी तो कागद पी उअनच्या टेबलावर आपटला. पंधरा दिवसांवर तपासणी. हिच्या घरातली चूल त्या शेऱ्यावर. आणि कुलपाला चौतीस भोकं पाडून ही बाई कुत्र्याला कोंबडी भरवत बसली होती. मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझ्या आईनं ऐकलं असतं तर मला देवळात नेऊन पाणी शिंपडलं असतं.

पी उअननं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे गं. पण समोर येऊन उभे राहतात."

"मग उभे राहू दे की. नाही म्हण."

"पी प्रयोंगनी माझ्या आईला तीनदा इस्पितळात नेलंय. त्यांना काय सांगू, जागे राहा?"

आणि चौतीस जणांना एकत्र बोलावून सगळ्यांचं काढते असं जाहीर करावं, तर प्रत्येकाला कळणार की आपण एकटे नव्हतो. तिनं चौतीस जणांना खोटं सांगितलं होतं, तेही प्रेमानं. ते उघडं पडण्यापेक्षा तिला कंत्राट गेलेलं परवडलं असतं, अशी ती बाई. मी हात जोडले आणि वर निघून आले.

चौदा तारखेला, रविवारी दुपारी, तिचा फोन आला. कचेरीत ये म्हणाली. गेले तर सगळी इमारत बंद आणि ही जिन्याखाली घामानं निथळत होती. सकाळपासून बसून तिनं चौतीसही मुभा काढून टाकल्या होत्या, माझ्या कळेसकट. मी म्हटलं, शाबास, पण उद्या सकाळी पहिला माणूस तुझ्या दारात उभा राहिला की तू पुन्हा देणार.

"देईन," ती म्हणाली. "म्हणून माझीपण काढली."

मला कळायला वेळ लागला. तिनं आपल्या स्वतःच्या खात्याची परवानगी काढून घेतली होती. आता तीही आमच्यासारखीच. सगळ्या संगणकांची किल्ली म्हणजे मुख्य खात्याचा एक पासवर्ड. तो बदललेला आहे, आणि तो या पाकिटात आहे, असं म्हणून तिनं एक तपकिरी सरकारी पाकीट माझ्या हातात दिलं. तोंडाला गोंद, वर तिची आडवी सही. मला निवडलं, कारण मला भीड नाही. तिचेच शब्द. तपासणी होईपर्यंत कुणालाही द्यायचं नाही, अगदी ती स्वतः रडत आली तरी.

मी पाकीट पिशवीत टाकलं आणि म्हटलं, तू काळजी करू नकोस. फाइलोमचा बुद्ध उठून आला तरी मिळणार नाही. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग हसली आणि फॅन बंद केला.

आता माझा मूर्खपणा. सोमवारी सकाळी लोकांच्या लक्षात आलं की आपापली एकट्याची मुभा गेली. एकमेकांना विचारता येईना, पी उअनशी भांडता येईना. तोय आपलं पिवळं चित्र गेलं म्हणत माझ्याकडे आली आणि मी तिला सांगून टाकलं. अगदी ऐटीत, खणावर बोट आपटून, की किल्ली या खणात आहे आणि कुणाला मिळणार नाही. तोयला सांगितलं म्हणजे नगरपालिकेला सांगितलं. नऊच्या आत सगळ्यांना माहीत होतं.

त्याच दिवशी पुढच्या दालनात नव्या सेवा-खिडकीचं उद्घाटन होतं. यंत्राचं बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी निघते, तिच्यावर तारीख आणि वेळ छापलेली. पहिली चिठ्ठी नगराध्यक्षांनी काढायची, ती चौकटीत घालून भिंतीवर लावायची. मुहूर्त देवळातल्या थोरल्या भिक्षूंनी काढून दिलेला, नऊ एकोणचाळीस. फुलं होती, फीत होती, शाळेच्या मुली नाचाच्या कपड्यांत उभ्या होत्या. प्रांताची तपासनीस बाईही वेळेआधी येऊन कडेच्या खुर्चीत नळीनं पाणी पीत बसली होती. फक्त नगराध्यक्ष नव्हते. ते पलीकडच्या गावी कुणाच्या तरी वडिलांच्या अंत्यविधीच्या जेवणाला गेले होते आणि भिक्षूंचं पठण लांबलं होतं. मतदाराच्या घरचं पठण मध्येच सोडून कुणी उठत नाही.

ते आले दहा वाजून नऊ मिनिटांनी. घामाघूम. पालात पुढे झाले, यंत्राकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पी उअनला जवळ बोलावलं. मी दहा पावलांवर, उघड्या दाराच्या आत माझ्या टेबलाशी होते, सगळं ऐकू येत होतं. यंत्राचं घड्याळ अर्धा तास मागं घे, चिठ्ठी निघाली की पुन्हा पुढं कर, एवढंच म्हणणं. तपासनीस बाईच्या देखत. चौसष्ट पत्रांचं रामायण होऊन पाच महिने झाले नव्हते.

पी उअन खाली बघत, साहेबांना लावायचं ते थान लावून म्हणाली, "थान पालात, मला परवानगी नाही. माझ्याच खात्याला नाही."

पालात हसले. ते नेहमी हसतात. म्हणाले मग कुणाला आहे. पण तिनं सांगायची गरज नव्हती. अख्ख्या दालनानं माझ्याकडे बघितलं. तोय, प्रयोंग इंजिनियर, सचिव, नाचाच्या कपड्यांतल्या मुलीसुद्धा, त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

पालात माझ्याजवळ आले. मला वाटलं होतं ते हुकूम सोडतील. हुकमाला मी तयार होते. रात्री अंथरुणात पडून मी उत्तरंही जुळवली होती. पण त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "नोंग नीत, थान नगराध्यक्ष ताटकळले आहेत गं. माझ्यासाठी."

बस, एवढंच. आणि माझा हात खणात गेला. मी खोटं का लिहू. मी विचार केला नाही, वाद घातला नाही, पी उअनच्या आईचा, मुलाचा, कंत्राटाचा विचार डोक्यात आला नाही. दोन आठवड्यांपूर्वी जी बाई माझ्याकडे तोंड वर करून बघू शकत नव्हती तिला मी नाही म्हणायला शिकवत होते, आणि माझा हात पाकीट घेऊन बाहेर आला. दोन्ही हातांनी दिलं, मान वाकवून, रीतीप्रमाणे.

पालातांनी पाकीट फाडलं. आत घडी घातलेला कागद. चष्मा वर खोलीत राहिला होता, म्हणून त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाले, वाच.

मी वाचायला सुरुवात केली. "थान पालात यांना सादर नमस्कार. या पाकिटात पासवर्ड नाही. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. तो मलाही ठाऊक नाही, कारण तो मी टाइप केलेला नाही. ज्यांनी टाइप केला त्या माझ्यापेक्षा आणि आपल्यापेक्षाही वडील आहेत. तपासणी झाल्यावर त्या देतील. सुपात्रा, संगणक विभाग."

खाली पेन्सिलीनं आणखी एक ओळ होती. ती मी मोठ्यानं वाचली नाही. "नोंग नीत, वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही जमलं नसतं."

पालातांनी सावकाश मान फिरवली. आमच्या विभागाच्या दाराशी पा सायबुआ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पंख्यानं वारा घेत होती. तिनं त्यांना बघितलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय रे थावोर्न? काही हवंय का?"

त्या दिवशी मला कळलं की भीड फक्त वरच्या दिशेनं चालते, आणि पी उअन, जिला मी भोळी समजत होते, तिनं किल्ली अशा ठिकाणी ठेवली होती जे पालातांच्याही वर होतं. पंधरा दिवसांत निवृत्त होणारी बाई, जिला कुणाच्या शेऱ्याची फिकीर नाही आणि जिच्या डब्यातला भात त्यांनी खाल्लेला.

"काही नाही, पा," पालात म्हणाले. "वारा घ्या."

नगराध्यक्षांनी बटण दाबलं. चिठ्ठी निघाली, दहा वाजून सोळा मिनिटांची. छायाचित्रकारानं पुढं यायला सांगितलं तेव्हा नगराध्यक्षांनी चिठ्ठी छातीशी धरली आणि वेळेच्या आकड्यांवर आपला अंगठा ठेवला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. अंगठा चांगला जाड आहे, चुकलेला मुहूर्त पूर्ण झाकतो.

तपासनीस बाईनं बारा संगणक उघडून बघितले. सगळीकडे तीच ओळ, परवानगी नाही. माझ्या टेबलाशी ती आली तेव्हा मी नाव टाइप करायला कोपऱ्यातली कळ दाबली आणि कचरा उमटला. तिनं समाधानानं खूण केली. पुढच्या आठवड्यात शेरा आला. शंभरपैकी शहाण्णव. चार गुण कापले, कारण संगणक विभागाच्या कर्मचारी बाईंना स्वतःलाच परवानगी नसणं नियमात बसत नाही. हे वाचून मी टेबलावर डोकं ठेवलं.

पालात नऊ दिवस पी उअनशी बोलले नाहीत. कंत्राटाची फाईल त्यांच्या टेबलावर पडून होती आणि पी उअन रोज पाणी घेऊन जाताना त्या फाइलीकडे बघायची. एकोणतीस तारखेला संध्याकाळी पा सायबुआ निरोप घ्यायला, पाया पडायला त्यांच्या खोलीत गेली. ती मोठी असून ती का गेली, आत काय बोलली, ठाऊक नाही. दार बंद होतं, आणि नवल म्हणजे तिचा आवाजही बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सही झालेली होती. एक वर्ष, नेहमीप्रमाणे.

त्याच दुपारी पा सायबुआच्या निरोपाला सगळे जमले. हार झाले, गाणं झालं. पा सायबुआनं ब्लाउजमधून एक चुरगळलेला कागद काढून पी उअनला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पासवर्डात तिनं साल घातलंय, तिचं बरोबर असलेलं. पी उअन तशीच जिन्याखाली गेली आणि अर्ध्या तासात तो बदलून आली.

येताना तिच्या हातात तपकिरी पाकीट होतं. ते तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. गोंद, आडवी सही, सगळं तसंच.

"आता पा नाही," ती म्हणाली. "तू ठेव."

पंधरा दिवसांत आम्ही त्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती रोज माझ्यासाठी चिकट भात आणायची आणि मी रोज खायची. शेवटी मी विचारलं, "यात खरा आहे?"

"नोंग नीत, कुणी मागितल्यावर कळेल तुला."

आणि हसली. इतकी चिडले मी त्या हसण्यावर, की तिला तसंच हाकलून दिलं.

याला आता दोन महिने होतील. पाकीट माझ्या खणात, स्टेपलरखाली आहे. माझी कोपऱ्यातली कळ अजून बंद आहे आणि मी ती मागितलेली नाही. पाकीट मी उघडलेलं नाही, उजेडाला धरूनही बघितलेलं नाही. पालात आमच्या विभागात आले की मी दोन्ही हात टेबलावर ठेवते आणि ते जाईपर्यंत तिथंच ठेवते.